रूथला पावडर नको

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आले म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. पाच दिवसांत शेपटीचाही भास झाला नाही. मला दिसले ते गजाभाऊ मेकअपमन, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत ठाण मांडून बसलेली सातवीतली एक मुलगी. त्या दोघांनी मिळून माझं छापायला निघालेलं पुस्तक अडवलं, त्याची ही हकिगत.

पुस्तकाबद्दल आधी सांगते. दोन वर्षं मी ते लिहीत होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका शहरात, आपल्या आजोबांच्या तरुणपणी, बसमध्ये गोऱ्यांनी पुढे बसायचं आणि काळ्यांनी मागे, असा नियम होता. पुढच्या जागा भरल्या की काळ्या माणसांनी उठून गोऱ्यांना जागा द्यायची. काही बाया-मुली उठल्या नाहीत, त्यांना पोलिसांनी धरून नेलं. शेवटी सगळ्या काळ्या वस्तीने वर्षाहून जास्त दिवस बसमध्ये पायच ठेवला नाही. कामाला, शाळेला, चर्चला सगळे चालत गेले आणि नियम बदलायला लावला. माझ्या पुस्तकातली तेरा वर्षांची रूथ आणि लोकांचे कपडे शिवणारी तिची आई, या दोघी मी रचलेल्या. पण बस खऱ्या, नियम खरा आणि ते चालणंही खरं.

चित्रांसकट कच्ची प्रत तयार होती. परत आल्या आल्या ती छापायला जायची होती. त्याआधी खेड्यातल्या मुलांना वाचून दाखवावी, चुका असतील तर कळतील, असं मी सगळ्यांना सांगत होते. मनातून मला एकही चूक सापडेल असं वाटत नव्हतं.

बल्लारपूर

गाडीतून उतरले तेव्हा आधी नाकाला कागद कारखान्याचा वास लागला, कोबी उकडल्यासारखा. लोक नाकाला रुमाल लावत होते. मी मात्र तो मुद्दाम हुंगला, कारण आम्हा लिहिणाऱ्यांचं पोट शेवटी त्याच वासावर चालतं. शेजारच्या रुळावर कोळशाने शिगोशीग भरलेली मालगाडी उभी होती.

फलाटावर वनिताताई आल्या होत्या. चाळिशीच्या, हसऱ्या, आरमोरीच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी जुनी पुस्तकं वाचून त्यांनी मला पत्र लिहिलं होतं आणि हा सगळा दौरा त्यांनीच आखला होता. माझी पिशवी त्यांनी हातातून ओढूनच घेतली.

"बाई, भूक लागली असन ना? आधी खाऊन घ्या, मंग जिवतीची बस."

स्टेशनबाहेर तर्रीवाले पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड येते. इथे वरून लालभडक चण्याचा रस्सा ओततात आणि समोर उभं राहून आपलं तोंड बघतात. मी डोळ्यांतून पाणी काढत दुसरी प्लेट मागितली. गाडीवाला इतका खूश झाला की त्याने तर्री पुन्हा ओतली.

जिवती

जिवतीचा घाट चढताना दोन्ही बाजूंना वाळलेली तूर आणि वेचणीला आलेला कापूस दिसत होता. वनिताताई नोकरीला लागल्या तेव्हा पहिली आठ वर्षं याच डोंगरावर होत्या. त्यांच्या जुन्या शाळेत चौथी-पाचवीची तीसेक मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. गोरे पुढे बसायचे, काळ्यांना मात्र मागच्या सीटवर बसावं लागे, असं वाचून मी थोडं थांबले. इथे मुलांचे चेहरे उतरतात, असं मी गृहीत धरलं होतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मागची सीट तं मस्त राह्यते जी!" एक मुलगा उठून म्हणाला. "घाटात अशी उडवते, अशी!" आणि त्याने बसल्या जागी उडून दाखवलं. पाठोपाठ तीस मुलं उडायला लागली. अमेरिकेतल्या गोऱ्यांनी काळ्यांना एवढी छान जागा का दिली, हे काही कोणाला कळेना.

दोन वर्षांच्या माझ्या मेहनतीला पहिला हादरा बसला तो असा. मी वनिताताईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्याच पुढे आल्या.

"बरं, मागची सीट तुमची," त्या मुलांना म्हणाल्या. "पन कायमची. पुढं रिकामी असली तरी बसायचं नाई. आन् गर्दी झाली तं ते बी सोडून उभं राहायचं."

उड्या थांबल्या. "काऊन जी?" मघाच्या मुलानेच विचारलं.

"तुझा रंग काळा म्हनून."

त्याने आपला हात पाहिला, शेजारच्याचा हात ओढून शेजारी धरला, दोन्ही नीट तपासले. "हे तं मी ठरवलं नाई," तो म्हणाला, आणि जरा रागावूनच खाली बसला. पुढचं वाचन मुलांनी अगदी गुपचूप ऐकलं.

परतीच्या बसमध्ये मुलांच्या शिफारशीवरून मी मागच्या सीटवर बसले. तिसऱ्याच वळणावर डोकं टपाला आपटलं, पण मजा आली हे कबूल करते. टेंगूळ चोळत असताना वनिताताई सहज बोलल्या.

"मुलं मले विचारतात, आपल्या इथी होती का अशी बस? मी सांगतो, बस नव्हती, विहीर होती. माझे बाबा लहान होते तेव्हा ओंजळ धरून उभे राह्यचे. कोनी वरून पानी टाकलं तं प्यायचे. आता त्याच विहिरीवर माझ्या शाळेची मोटर बसवली हाय." हे सांगताना त्या मोठ्याने हसल्या. मला मात्र त्या मोटरचं इतकं बरं वाटलं की घाट उतरेपर्यंत मी तिच्याबद्दलच विचारत राहिले.

वैनगंगेच्या बाजूला

वनिताताईंचं माहेर आणि सासर एकाच गावात, पण त्या गावचं नाव लिहीत नाही, कारण गजाभाऊंची तशी अट आहे. "माझ्या हातून चूक झाली ते छापा, पन गाव नका छापू," असं त्यांनी निघताना बजावलं.

भात कापून झाला होता. बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या वाफ्यांमध्ये, लाखोळीच्या कडधान्याचा हिरवा गालिचा पसरला होता. रात्रीच्या जेवणाला लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्यात घातलेले सुके झिंगे आणि तांदळाची भाकर होती. वडे किती खाल्ले ते मी मोजले नाहीत. वनिताताईंच्या सासूबाईंनी मोजले आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला कौतुकाने सांगितले.

हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. पीक घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं लागतात. पडदे, पेटी-तबला, गाणी, एक खलनायक, एक विनोदी पात्र. नाटक असलं की लेकी-जावई घरी येतात, प्रत्येक घरात पाहुणे असतात. आमच्या पुण्यात नाटकाला जायचं म्हणजे तिसऱ्या घंटेनंतर खोकलाही दाबून ठेवायचा. इथले प्रेक्षक बसायला पोतं आणि बोलायला तोंड घरूनच घेऊन येतात.

त्यामुळे मी शाळेत रूथची गोष्ट वाचून संपवली तेव्हा सहावी-सातवीच्या मुलांनी एकच प्रश्न विचारला. "नाटक कधी बसवाचं जी?" प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर आला होता. वनिताताई म्हणाल्या, बसवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकांच्या वाटपात माझ्या अभ्यासाची पार धूळधाण उडाली. ड्रायव्हर व्हायला वर्गातले सगळे मुलगे तयार, कारण खलनायकाला शिट्ट्या मिळतात. विनोदी पात्र म्हणून कंडक्टर ठरला. मी म्हटलं, अरे, त्या बसमध्ये कंडक्टर नव्हताच.

"मंग तिकीट कोन देते?" कंडक्टरने विचारलं.

"ड्रायव्हरच."

"आन् हसवते कोन?"

कंडक्टर राहिला. मुलांनी पुठ्ठ्याची बस रंगवली, तिच्या कपाळावर इथल्या एसटीसारखी पाटी लावली: "अमेरिका, व्हाया वडसा."

आता रूथ कोण होणार? प्रणाली नावाच्या मुलीने आदल्या संध्याकाळी माझी कच्ची प्रत घरी नेली होती आणि सकाळी तिला सगळे संवाद पाठ होते. आवाज असा खणखणीत की मैदानाच्या त्या टोकाला असलेली बकरी मान वर करून बघायची. पण वनिताताईंनी तिचं नाव घेतल्यावर मागून एक मुलगी खिदळली.

"हिरोईन कोळसा!"

वर्गात तिला कोळसा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. ती खूप सावळी होती, माझ्या मावशीसारखी, ज्या रंगाला आमच्याकडे 'नाकीडोळी नीटस आहे हो' असं म्हणून झाकतात. वनिताताईंनी डोळे वटारले. प्रणालीला त्याची गरज नव्हती.

"रूथ काळीच हाय. पुस्तकात लिवलं हाय," तिने मागे वळून सुनावलं. मग प्रत उघडून माझ्यासमोर धरली. "पन बाई, चित्रात ते गोरी काऊन हाय?"

मी चित्राकडे पाहिलं. रूथ बदामी रंगाची होती. गाल गुलाबी होते. तिला जागेवरून उठवणारा गोरा ड्रायव्हर आणि ती, दोघांच्या रंगात फारतर चहात दूध किती एवढाच फरक होता.

"छपाईत जरा उजळ येतं," मी म्हणाले.

ही थाप होती. चित्रकार मुलीने रूथ आधी अगदी गडद काळी काढली होती, सुंदर काढली होती. "मुलांना गोड वाटायला हवी, थोडी उजळ कर," असं तिला मीच सांगितलं होतं. काळ्या रंगाची लाज वाटू नये म्हणून पुस्तक लिहायचं आणि नायिकेचा रंग मात्र फिका करायचा, हे मी केलं होतं, आणि दोन वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मला विलक्षण ओशाळल्यासारखं झालं. प्रणालीने "अस्सं" म्हणून प्रत मिटली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

नाटक

प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन झालं, उद्देशिका म्हणून झाली, बुंदी वाटून झाली. शाळेच्या व्हरांड्यात लुगड्यांचे पडदे लागले. समोर अख्खं गाव पोती टाकून बसलं. मला पडद्याआड पुस्तकातून उतरवलेली संहिता घेऊन उभं केलं होतं, विसरलेलं वाक्य हळूच सांगायला. झाडीपट्टीच्या नाटकात हे फार मानाचं काम असतं म्हणे.

शेजारच्या वर्गात गजाभाऊंनी ट्रंक उघडली होती. साठीचे, किडकिडीत. एरवी शिलाई मशीन चालवतात, हंगामात नाटकांना रंग लावतात. रूथची आई कपडे शिवायची हे कळल्यावर "आपल्याच धंद्यातली बाई हाय" म्हणत ते फुकट आले होते. त्यांनी पांढरा लेप कालवला आणि ड्रायव्हरला, पोलिसाला, पुढच्या सीटवरच्या दोन मडमांना असं गोरं केलं की त्यांच्या आयाही बुचकळ्यात पडल्या. मग प्रणाली खुर्चीत बसली. गजाभाऊंनी त्याच वाटीत बोटं बुडवून तिच्या डाव्या गालावर फासली.

प्रणालीने आरशात पाहिलं. आणि हे मला लपवायचं नाही, पहिल्या क्षणी तिचा चेहरा फुलला. अर्धा चेहरा गोरा झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला होता. ती मान वळवून तो गाल पुन्हा पुन्हा बघत होती. बदामी रंगाची रूथ मी हिच्यासारख्या मुलींसाठीच तर काढून घेतली होती.

मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"भाऊ, मी बी गोरी झाली, तं मले उठ म्हनतीन काऊन?"

गजाभाऊंचा हात हवेतच थांबला. "अवो, पन तू हिरोईन हाय ना! हिरोईनले तं पावडर लागतेच."

"मी नाई लावत."

"तीस वर्षं झाले, माह्या हातची हिरोईन कधी काळी गेली नाई. लोक मले काय म्हनतीन?"

"मी नाई लावत जी." तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. बाहेर पेटीवाल्याने नांदी तिसऱ्यांदा सुरू केली. वनिताताई आत डोकावून "झालं का?" विचारून गेल्या. कंडक्टर म्हणाला, "लाव ना, छान दिसून राह्यली." प्रणाली जागची हलली नाही. संवाद सुरू व्हायच्या आधीच तिचं नाटक सुरू झालं होतं, आणि मला सांगायला एकही वाक्य उरलं नव्हतं.

पण काहीतरी बोलायला हवं होतं. "गजाभाऊ, चूक माझी आहे," मी म्हणाले. "पुस्तकातही मी तिला अशीच पावडर लावली आहे. रूथ काळी आहे. हिच्यासारखीच."

गजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओल्या फडक्याने त्यांनी तिचा गाल स्वच्छ पुसला. हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, या बाजूने, त्या बाजूने, कापड बेतताना बघावं तसा. त्यांच्यातला कारागीर जागा झाला होता.

"दिव्यात नाई ना नाटक? उन्हात हाय," ते स्वतःशीच पुटपुटले. "मंग तेल चालते."

त्यांनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मागवलं. दोन थेंब तळहातावर चोळून तिच्या कपाळाला, नाकाच्या शेंड्याला, गालांच्या उंचवट्याला लावले. डोळ्यांत काजळ ओढलं. मग मागे सरकून म्हणाले, "पाह्य आता."

प्रणालीने आरशात पाहिलं. खिडकीतलं ऊन तिच्या चेहऱ्यावर उतरलं होतं. ती हसली. आम्ही सगळे हसलो. गजाभाऊ सगळ्यांत जास्त हसले.

नाटकाबद्दल काय सांगू! कंडक्टरने पुढून चढलेल्या काळ्या माणसांचं तिकीट फाडलं आणि त्यांना पुन्हा उतरून मागच्या दाराने यायला लावलं. तो नियम अमेरिकेत खरंच होता. पण प्रत्येक वेळी कंडक्टर असा धडपडायचा की लोक पोत्यांवर लोळायचे. ड्रायव्हरला भरपूर शिट्ट्या मिळाल्या. मग तो मिशा फुरफुरवत रूथपाशी आला.

"ए! उठ!"

मी पडद्याआडून कुजबुजले, "मी उठणार नाही." संहितेत तसंच होतं.

"मी नाई उठत!" प्रणाली मैदानभर घुमेल अशा आवाजात म्हणाली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "नको उठू वं पोरी!"

"नको उठू!" मागून आलं. मग डावीकडून, उजवीकडून. सगळं गाव ओरडायला लागलं. ड्रायव्हर इतका घाबरला की वाक्य विसरला. मी ते सांगितलं तर म्हणाला, "राहू द्या ना बाई, ते मारतीन." पोलीस आला, पण दोन बाया त्याच्या वाटेत जाऊन बसल्या आणि रूथला नेऊ देईनात. कंडक्टरने हात जोडून विनवलं, "माय, तिले नेल्याबिगर नाटक पुढं जात नाई, अन् शेवट गोड हाय." तेव्हा कुठे त्या हटल्या.

शेवटी सगळ्यांनी बस सोडून चालायचं होतं. मुलं झेंड्याच्या खांबाभोवती चालायला लागली. वर्षभराचं चालणं तीन फेऱ्यांत उरकायचं असं ठरलं होतं. दुसऱ्या फेरीत अंगणवाडीची पोरं घुसली, तिसऱ्या फेरीत ती म्हातारी, मग तिच्या मैत्रिणी. पेटीवाला थांबेना, म्हणून कोणीच थांबेना. मीही संहिता टाकून त्यात शिरले. किती फेऱ्या झाल्या कोणास ठाऊक. इतक्या आनंदात मी कित्येक वर्षांत चालले नव्हते.

धाप टाकत वर्गापाशी आले तर गजाभाऊंच्या ट्रंकेपुढे लहान मुलींची रांग लागली होती. पांढरी वाटी बाजूला पडली होती. सगळ्यांना रूथचा मेकअप हवा होता. वर्गात 'कोळसा' म्हणून खिदळलेली मुलगीही रांगेत होती, आणि प्रणाली हातात तेलाची बाटली धरून थाटात उभी होती.

मला पाहून तिने कच्ची प्रत पुढे केली. "आता या चित्राचं काय जी?"

शाळेच्या गच्चीवरच रेंज येते. वर चढून मी चित्रकार मुलीला फोन लावला. म्हणाले, रूथ आधी काढली होतीस तशी हवी, सगळ्या पानांवर. ती म्हणाली, "जुनी चित्रं मी टाकली नव्हती, मॅडम. वाट बघत होते."

घरी

पुस्तक महिनाभर लांबलं. नव्या चित्रांची पानं मी वनिताताईंच्या फोनवर पाठवली, खाली लिहिलं की प्रणाली आणि गजाभाऊ हो म्हणतील तेव्हाच छापू. दोन दिवसांनी एक फोटो आला. प्रणालीने रूथचं चित्र आपल्या गालाला लावून धरलं होतं, दोघींचा रंग अगदी जुळत होता. सोबत तिच्याच आवाजात निरोप होता:

"बाई, आता बराबर हाय. पन गजाभाऊ म्हनून राह्यले, गालावर तेल कमी हाय."

चित्रकार मुलीने प्रत्येक पानावर तेल लावलं. काल पुस्तक छापायला गेलं.